कानात पीस : प्रश्न वाचकांचे, उत्तरं आमची

पिसांची कानातली घरी करताना कुठे अडतं ते कळवा, असं गेल्या अंकात म्हटलं होतं. पालघरपासून वेंगुर्ल्यापर्यंत सगळीकडून पत्रं आली. सगळ्यात मोठी तक्रार एकच, पीस गळून पडतं. म्हणून सुरुवात तिथूनच.

प्रश्न : गावठी कोंबड्याची पिसं बीड कॅपमध्ये (मण्यावर बसवायची धातूची छोटी वाटी) गोंद घालून बसवते. चार दिवस छान राहतात, मग एकेक पीस अलगद निसटतं. आतापर्यंत तीन प्रकारचे गोंद झाले. नेमका कोणता गोंद घ्यावा? (एक वाचक, श्रीवर्धन)

उत्तर : तीन गोंद हरले म्हटल्यावर चौथाही हरेल. पिसाचा देठ केराटिनचा, म्हणजे आपली नखं ज्याची बनतात त्याचाच. वरून गुळगुळीत, त्यावर पक्ष्याच्या अंगचं तेल, आणि आतून पोकळ. बीड कॅपच्या रुंद वाटीत असे तीन-चार गोल देठ सोडले की ते गोंदाला एखाद्या रेषेवर टेकतात, बाकी सगळा गोंदाचा गोळा. कान हलला की देठ त्या गोळ्यात फिरतो आणि एक दिवस सुटतो. पीस धरून ठेवायचं काम दोऱ्याला द्या, गोंद फक्त दोरा सुटू नये म्हणून.

एका जोडीला लागतं ते असं : सहा पिसं (प्रत्येक कानाला एक 8 ते 9 सेंमीचं आणि दोन 5 ते 6 सेंमीची), कॉर्ड एंड नावाने मिळणाऱ्या घडीच्या क्लिपा दोन (साधारण 4 मिमी रुंद, 9 मिमी लांब), 5 मिमीच्या जंप रिंगा (क्लिप हुकाला जोडायच्या तारेच्या गोल कड्या) चार, हुक दोन, आणि शिवणाच्या बारीक नायलॉन दोऱ्याचे 30 सेंमीचे दोन तुकडे. चपट्या तोंडाच्या दोन लहान पकडी हव्यात. एकीने काम होत नाही, कारण पुढे आहे.

आधी देठाजवळची मऊ लव खाली ओढून काढून टाका. बुडाचा 12 मिमी भाग अगदी उघडा हवा. तिथे तंतू राहिले तर दोरा त्यांच्यावर बसतो आणि ते दबले की सैल पडतो. उघडा भाग स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. मग पकडीत धरून हलकेच चपटा करा. पकडीचं तोंड दातेरी असेल तर त्यावर चिकटपट्टी गुंडाळा, नाहीतर दाते देठ कापतात. देठ दबला पाहिजे, फुटता कामा नये. ‘कट्’ असा आवाज आला तर ते पीस बाजूला ठेवा.

आता मोठं पीस मागे, दोन लहान पुढे, तिन्हींची चमकदार बाजू समोर, अशी जुडी डाव्या हाताच्या चिमटीत धरा. दोऱ्याचं एक टोक दुमडून त्याचा लांबट फास करा आणि तो देठांवर उभा ठेवा, फासाचं तोंड देठांच्या टोकाकडे. दुसऱ्या पदराने पिसांच्या बाजूने सुरू करून देठांच्या टोकाकडे एकाला एक लागून आठ वेढे घ्या. शेवटी तो पदर फासातून ओवा आणि पिसांकडून बाहेर आलेलं टोक ओढा, म्हणजे फास वेढ्यांखाली शिरून बसतो. होडीवरच्या दोरखंडाचं टोक उसवू नये म्हणून त्यावर असेच वेढे घालतात, कोळीवाड्यात कुणालाही विचारा. वेढ्यांच्या वर देठाची 3-4 मिमी टोकं उरतात. ती दोऱ्यावर मागे दुमडा आणि त्यांच्यावरून आणखी तीन वेढे घ्या. बहुतेक जण नेमकी हीच पायरी गाळतात. दुमडलेला देठ आकड्यासारखा अडकतो, मग पीस ओढलं तरी सरकत नाही.

यावर गोंदाचा एकच थेंब, टाचणीच्या टोकाने पसरून. तुमच्या तीन गोंदांची नावं तुम्ही लिहिली नाहीत, पण गुण सांगतो. क्षणात चिकटणारा पातळ गोंद पिसाच्या तंतूंमधून वर चढतो, पीस काडीसारखं कडक होतं आणि आपल्या दमट हवेत त्यावर पांढरी धूसर पुटी येते. लाकडाचा पांढरा गोंद ओलाव्याने पुन्हा मऊ पडतो. दागिन्यांसाठी मिळणारा, सुकल्यावर रबरासारखा राहणारा पारदर्शक गोंद सगळ्यात बरा. दोन ट्यूबचं इपॉक्सीही चालेल, पण दोन्ही भाग अगदी समसमान घ्या. अंदाजाने एक जास्त पडला की ते कायम चिकट राहतं. सुकायला एक दिवस द्या, पावसाळ्यात दोन.

सुकल्यावर जुडी कॉर्ड एंडमध्ये ठेवून आधी एक पाकळी दाबा, मग तिच्यावर दुसरी. दोन्ही एकदम दाबल्या की जुडी तिरकी होते. शेवटी पिसांना कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा लावून मिनिटभर टांगून बघा. तेवढं पेललं तर कानात आरामात टिकेल.

प्रश्न : आमच्याकडे हिवाळ्यात किनाऱ्यावर कुरव पक्ष्यांची पांढरी-करडी पिसं भरपूर पडलेली असतात. पोपटाची हिरवीही मिळतात. ती वापरली तर चालतील ना? आपण काही पक्षी मारत नाही. (गुहागर)

उत्तर : चालणार नाहीत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वन्य प्राण्याच्या अवयवांमध्ये पीसही मोजलेलं आहे. पडलेलं की उपटलेलं, हे पिसाकडे बघून सहज ठरत नाही, म्हणून कायदा उचलणाऱ्याच्या हेतूवर विसंबत नाही. कुरव, सुरय, समुद्री गरुड, घार, घुबड, पोपट ही सगळी पिसं जिथे दिसली तिथेच राहू द्या. पिंजऱ्यातल्या पोपटाचंही तेच, आपला देशी पोपट पाळणं हाच गुन्हा आहे. कोंबडा, पाळीव बदक, टर्की, गिनी कोंबडी यांची पिसं बिनघोर वापरा. गिनी कोंबडीची पांढऱ्या ठिपक्यांची पिसं तर कुरवाच्या पिसापेक्षा कानात जास्त उठून दिसतात.

प्रश्न : मग मोरपिसाचं काय? आमच्या देव्हाऱ्यात पाच-सहा आहेत, त्याची कानातली करून दुबईच्या नणंदेला पाठवायची आहेत. (सावंतवाडी)

उत्तर : करा, स्वतः घाला, पण पाठवू नका. मोराने आपण होऊन टाकलेली पिसाऱ्याची पिसं देशात बाळगायला कायद्याने मुभा आहे. परदेशी न्यायला किंवा पाठवायला नाही, त्यांपासून केलेल्या वस्तूही नाहीत. बॅगेत एकच जोडी असली तरी नियम तोच. मोर पावसाळा सरता सरता पिसारा टाकतो. गळलेल्या पिसाच्या देठाचं टोक कोरडं, पांढरट असतं. टोकाला काळपट रक्ताचा डाग दिसला तर ते पीस उपटलेलं आहे, ते विकतही घेऊ नका.

करताना दोन गोष्टी सांभाळा. मोठा डोळा कानाला जड दिसतो, पिसाऱ्याच्या वरच्या भागातली, दोन-अडीच सेंमी डोळ्याची लहान पिसं निवडा. डोळ्याभोवती एक सेंमी तंतू ठेवून कातरा, आणि कात्री टोकाकडून देठाकडे नेऊ नका, तंतू विस्कटतात. दुसरं म्हणजे त्यावर नेलपॉलिश किंवा वार्निश लावू नका. मोरपिसाचा निळा-हिरवा हा रंगद्रव्याचा रंग नव्हे. आतलं द्रव्य तपकिरी-काळं असतं, त्याच्या सूक्ष्म कणांच्या रचनेतून परतणारा प्रकाश आपल्याला निळा दिसतो. लेप दिला की ती चकाकी मंदावते आणि पीस मळकट दिसू लागतं. गावठी कोंबड्याच्या काळ्या शेपटीवरची हिरवी झाकही याच जातीची, तिलाही लेप नको.

प्रश्न : चिकनच्या दुकानातून पिशवीभर पांढरी पिसं आणली, पण एकही कामाचं निघालं नाही. सगळी तुटकी, ओली आणि आखूड. (कुडाळ)

उत्तर : ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांचा असतानाच कापतात. कानातल्यांना लागणारी मानेवरची आणि कमरेवरची लांब, निमुळती पिसं पूर्ण वाढलेल्या कोंबड्यालाच येतात. शिवाय दुकानात कोंबडी आधी गरम पाण्यात बुडवून मग यंत्रात फिरवतात, त्यात उरलंसुरलं मोडतं. ब्रॉयलरच्या पंखाची पिसं तेवढी रंगवायला चालतात.

तुम्हाला हवा गावठी किंवा गिरिराजा जातीचा मोठा कोंबडा. गटारीला, राखणेच्या वेळी (राखणदार देवाला कोंबडा देतात तेव्हा), लग्नाच्या घरी गावात कोंबडे कापले जातातच. कापणाऱ्याला आधी सांगून ठेवा की पाण्यात घालण्याआधी मानेची, कमरेची आणि शेपटीची पिसं कोरडी उपटून दे. मानेची पिसं रंगाने सरस, तांबूस-सोनेरी. कमरेची थोडी लांब आणि सडसडीत, लोंबत्या कानातल्यांना हीच सगळ्यात चांगली. शेपटीची कोयत्यासारखी वाकलेली पिसं देखणी दिसतात, पण एका कानाला एकच पुरे. मेलेल्या, आजारी किंवा कशाने मेली ते ठाऊक नसलेल्या कोंबडीची पिसं कितीही सुंदर असली तरी हात लावू नका. 2006 साली नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हापासून हा धडा महाराष्ट्राला माहीत आहे.

प्रश्न : पिसं साबणाच्या पाण्यात धुऊन उन्हात वाळवली, तरी वास जात नाही. त्यात बारीक किडे असतात असंही ऐकलं. ब्लीचिंग पावडर वापरू का? (दापोली)

उत्तर : ब्लीच अजिबात नको, ते केराटिनच विरघळवतं. पांढरं होण्याआधी पीस चिकट, मग ठिसूळ होतं. धुण्याचा सोडाही नको.

आधी किडे. कोरडी पिसं झिपच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि फ्रीझरमध्ये, म्हणजे उणे 18 अंशांच्या आसपास, तीन दिवस ठेवा. मग पिशवी न उघडता एक दिवस बाहेर, पुन्हा तीन दिवस आत. मधला दिवस मुद्दाम आहे. पहिल्या गारठ्यातून वाचलेली अंडी उबेने जागी होतात आणि दुसऱ्या फेरीत मरतात. पिशवी गार असताना उघडली तर बाहेरची दमट हवा पिसांवरच दव होऊन बसते, म्हणून ती खोलीइतकी कोमट झाल्यावरच उघडा. मध्ये रात्रभर वीज गेली तर मोजणी पहिल्यापासून.

मग धुणं. लिटरभर कोमट पाण्यात अर्धा चमचा सौम्य शाम्पू, त्यात पिसं दहा मिनिटं. दोन बोटांत धरून देठाकडून टोकाकडेच निथळवा. दोन वेळा साध्या पाण्यात विसळून तिसऱ्या पाण्यात चमचाभर पांढरं व्हिनेगर घाला, साबणाचा अंश निघतो आणि झळाळी येते. टॉवेलात टिपून गार हवेच्या ड्रायरने वाळवा. पंखा चालेल, कडक ऊन नको, रंग उडतो. ओली पिसं अगदी दरिद्री दिसतात, घाबरू नका, सुकताना फुलतात.

तरीही वास उरला तर तो पिसाचा नाही, देठाच्या बुडाशी राहिलेल्या कातडीचा किंवा पोकळीतल्या पापुद्र्याचा आहे. बुडाचं 4-5 मिमी टोक तिरकं कापून टाका.

प्रश्न : बाजारातून ‘जर्मन सिल्व्हर’चे हुक आणले. दुसऱ्याच दिवशी कान लाल झाले, खाज सुटली. पिसांची ॲलर्जी असेल का? (रत्नागिरी)

उत्तर : खाज भोकापाशीच आहे की मानेवर, जिथे पीस घासतं तिथे, हे बघा. भोकापाशी असेल तर दोष धातूचा. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नावालाही नसते. ते तांबं, निकेल आणि जस्त यांचं मिश्रण. निकेल हे दागिन्यांच्या ॲलर्जीचं सगळ्यात नेहमीचं कारण, आणि एकदा ती जडली की बहुधा जन्मभर राहते. घामातलं मीठ धातूतून निकेल ओढून काढतं. आपल्या किनाऱ्यावर घाम बाराही महिने, म्हणून पुण्याच्या बहिणीला जे हुक चालतात ते तुम्हाला चालतीलच असं नाही. युरोपात टोचलेल्या जागी घालायच्या दागिन्यांतून आठवड्याला दर चौरस सेंमीमागे 0.2 मायक्रोग्रॅमपेक्षा कमीच निकेल सुटावं असा नियम आहे. यावरून केवढ्याशा निकेलने काम बिघडतं ते कळेल.

सोनेरी मुलाम्याचे हुकही तपासून घ्या. मुलाम्याखाली बऱ्याचदा निकेलचा थर असतो आणि मुलामा भोकातच आधी झिजतो. चुंबक लावून बघण्यात अर्थ नाही, निकेल असलेले अनेक मिश्रधातू चुंबकाला चिकटत नाहीत. पारदर्शक नेलपॉलिशचा लेप ही चार दिवसांची सोय आहे, लग्नाला जाऊन येण्यापुरती.

गावातल्या सोनाराकडून 92.5 चांदीची 0.8 मिमी जाडीची तार घ्या. हुकाला 5 सेंमी पुरे. एका टोकाला गोल तोंडाच्या पकडीने 3 मिमीची कडी वळवा, मधला भाग जाड मार्कर पेनावर दाबून गोल करा आणि मागचं टोक नखाच्या कानशीने गुळगुळीत घासा. हे टोक बोटाच्या पेरावर फिरवून बघा, जराही खरखर लागली तर पुन्हा घासा. खरखरीत टोकाने भोक आतून ओरखडतं आणि लोक त्यालाही ॲलर्जी म्हणतात. चांदी काळी पडेल, पण त्याने कानाला काही होत नाही. स्टील घ्यायचं तर 316 प्रतीचं घ्या, खाऱ्या हवेत ते 304 पेक्षा टिकतं. त्यातही निकेल असतंच, पण घट्ट बांधलेलं, त्यामुळे बहुतेकांना सोसतं. ज्यांना तेही सोसत नाही त्यांनी टायटॅनियम. कानाच्या भोकातून पाणी येत असेल तर सध्या काहीच घालू नका, डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : जून ते सप्टेंबर कानातली डब्यात ठेवते. गणपतीला काढावीत तर पांढरी बुरशी. सासूबाई म्हणतात, ‘‘डांबरगोळी टाक, काय एक होवचा नाय.’’ टाकू का? (मालवण)

उत्तर : सासूबाईंचं अर्धं खरं आहे. डांबरगोळी किड्यांना पळवते, बुरशीला तिची फारशी पर्वा नसते. वर कानातल्यांत प्लॅस्टिकचे स्वस्त मणी असतील किंवा डबा कडक पारदर्शक प्लॅस्टिकचा असेल तर गोळी जिथे टेकते तिथे ते मऊ पडून चिकटतात. आणि तो वास पिसातून महिनाभर जात नाही. गणपतीच्या आरतीला कानाशी डांबरगोळी कोण घेऊन फिरेल!

बुरशी ओलाव्याने येते, तेव्हा ओलावाच काढा. घट्ट रबरी झाकणाची काचेची बरणी घ्या, लिटरभर आकाराला 10-15 ग्रॅम सिलिका जेल पातळ कापडाच्या पुरचुंडीत घाला. नारिंगी दाण्यांचं घ्या, ते भरलं की हिरवट होतं. निळ्या दाण्यांत कोबाल्टचं क्षार असतं, ते घरात नको. रंग पालटला की दाणे ओव्हनमध्ये 110 ते 120 अंशांवर तासभर तापवले की पुन्हा कामाला येतात. ओव्हन नसेल तर जुन्या तव्यावर अगदी मंद आचेवर, रंग परतेपर्यंत. तो तवा मग भाकरीला वापरायचा नाही. तांदूळ घालण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो, तो ऐकू नका. तांदूळ ओलावा फारसा ओढत नाही आणि पोरकिडे मात्र आणतो.

कानातली घालून आल्यावर लगेच बरणीत टाकू नका. घामाने हुक ओला असतो. कोरड्या कापडाने पुसा, पंख्याखाली तासभर टांगा, मग बरणी. आडवी कोंबू नका, आत आडव्या तारेवर टांगून ठेवलीत तर पीस दबणार नाही. आलेली बुरशी हलकी असेल तर उघड्यावर, तोंडाला फडकं बांधून मऊ ब्रशने झटका आणि स्पिरिटच्या बोळ्याने देठाकडून टोकाकडे पुसा. पिसाला कुरतडल्यासारखी खाच आणि तळाशी वाळूसारखे कण दिसले तर ती बुरशी नव्हे, कसर. पुन्हा फ्रीझर.

प्रश्न : पांढरी पिसं हळदीत रंगवली. सुंदर पिवळी झाली. घाम लागला म्हणून साबणाने धुतली तर लाल! (देवगड)

उत्तर : हळद साबणाच्या क्षाराने तांबडी होते, कुंकू याच गुणावर बनतं. व्हिनेगरच्या पाण्यात बुडवलीत तर पिवळा बराचसा परत येईल. पण हळद उन्हात टिकत नाही, महिन्या-दोन महिन्यांत फिकी पडणार. कोकमाचा रंग त्याहून वाईट, करडा पडतो. आगळ वापरणार असाल तर मुळीच नको, त्यात मीठ असतं, ते पिसात राहतं आणि पावसाळ्यात ओलावा ओढतं.

घरातलं काही वापरायचंच तर कांद्याची सुकी सालं घ्या. दोन मुठी सालं लिटरभर पाण्यात अर्धा तास उकळून गाळा, पाव छोटा चमचा तुरटीची पूड विरघळवा, मूठभर पिसं त्यात तासभर. तांबूस-सोनेरी रंग येतो आणि तो हळदीपेक्षा बराच टिकतो.

गडद निळा, जांभळा, किरमिजी हवा असेल तर रेशीम-लोकरीसाठी मिळणारे ॲसिड रंग आणा. पीस हे लोकरीसारखंच प्रथिन आहे, त्यामुळे सुती कपड्याचे रंग त्याला नीट धरत नाहीत. पिसं आधी अर्धा तास कोमट साबणपाण्यात भिजवून विसळा. तेलकट राहिली तर रंग ठिपक्याठिपक्यांनी चढतो. लिटरभर पाण्यात पाव छोटा चमचा रंग आणि चार मोठे चमचे पांढरं व्हिनेगर, वाफा येतील इतकं गरम, साधारण 70-80 अंश. उकळी आली की पिसं मुरडतात. वीस-तीस मिनिटांत पाणी फिकं होत जातं, म्हणजे रंग पिसात गेला. भांडं रंगासाठीच वेगळं ठेवा.

प्रश्न : कानातली घातली की पिसाची कड समोर येते, चमकदार बाजू दिसतच नाही. (अलिबाग)

उत्तर : एक जंप रिंग वाढवा, किंवा असलेली एक काढा. साखळीतली प्रत्येक कडी पुढच्या वस्तूला चौथाई फेरा फिरवते. म्हणूनच वर जोडीला चार रिंगा सांगितल्या, एका कानाला लागल्या तर दोन, नाहीतर एक. रिंग उघडताना दोन पकडींनी दोन्ही टोकं पुढे-मागे सरकवा. बाजूंना ताणून उघडलेली रिंग पुन्हा पूर्ण बंद होत नाही आणि त्या फटीतून अर्धी कानातली हरवतात.

प्रश्न : दोन्ही कानांतली पिसं एकाच मापाची निवडते, तरी जोडी विजोड दिसते. (चिपळूण)

उत्तर : दोन्ही पिसं कोंबड्याच्या एकाच बाजूची असणार. डाव्या अंगाचं पीस एकीकडे वळतं, उजव्या अंगाचं दुसरीकडे. पिसं टेबलावर चमकदार बाजू वर करून मांडा आणि बाकाप्रमाणे दोन ढीग करा, मग प्रत्येक ढिगातून एकेक उचला. बाक आत, म्हणजे गालाकडे ठेवला की चेहऱ्याला शोभतं.

प्रश्न : पिसांबरोबर तिसऱ्याचे शिंपले लावायचे आहेत. भोक पाडताना दहातले सहा फुटतात. (वेंगुर्ले)

उत्तर : खिळा-हातोडी सोडा. हाताने फिरवायचं छोटं ड्रिल आणि 1 मिमीचं हिऱ्याचं पातं घ्या. शिंपल्याच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा, बशीत बोटाच्या पेराएवढ्या पाण्यात रबराच्या तुकड्यावर ठेवून आतल्या खोलगट बाजूने फिरवा. जोर नको, वेळ द्या. पाण्यामुळे पातं तापत नाही आणि भुकटी नाकात जात नाही, ती फुप्फुसांना वाईट. विजेचं ड्रिल पाण्याशी वापरू नका. भोक कडेपासून निदान 3 मिमी आत हवं. आणि जेवणातल्या तिसऱ्यांपुरतंच ठेवा. 2001 पासून काही मोठ्या शंखांना आणि शिंपल्यांनाही वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, फेरीवाल्याकडे दिसला म्हणजे तो घ्यायला मोकळा असं नाही.

प्रश्न : तारकर्लीला पर्यटकांसाठी विकायला ठेवावीत का? (मालवण तालुका)

उत्तर : ठेवा. किंमत काढताना पिसं फुकट धरू नका, ती गोठवणं, धुणं, निवडणं यात करण्यापेक्षा जास्त वेळ जातो. कार्डावर ‘गावठी कोंबड्याचं पीस, 92.5 चांदीचा हुक’ असं स्पष्ट लिहा, हुक स्टीलचा असेल तर स्टीलचा म्हणून लिहा. गाड्यावर उन्हात टांगून ठेवलेल्या जोड्या आठवड्यात विटतात, तेव्हा नमुन्याला एक जोडी बाहेर आणि बाकी डब्यात. मोरपिसाच्या जोड्या दुकानात ठेवूच नका. परदेशी पाहुणा त्या नेमक्या उचलतो आणि विमानतळावर अडकतो.

प्रश्न : स्कूटरवर हेल्मेट घालते, पिसं वाकून मोडल्यासारखी होतात. फेकून द्यावी लागतात का? (पेण)

उत्तर : नाही. पिसाच्या तंतूंना बारीक आकडे असतात, ते एकमेकांत अडकून सपाट पातं बनतं. ते सुटले की पीस फाटल्यासारखं दिसतं, फाटलेलं नसतं. चहाच्या किटलीच्या वाफेवर वीतभर उंचीवर दहा-पंधरा सेकंद धरा, हाताला चटका बसणार नाही अशा बेताने, पकडीत धरून. मग बोटांनी देठाकडून टोकाकडे दोन-तीनदा निपटा, आकडे पुन्हा अडकतात. वाकलेली दांडीही वाफेने सरळ होते, ती गार होईपर्यंत तशीच सरळ धरून ठेवा. दांडीला पांढरी आडवी रेघ पडली असेल तर मात्र ती मोडली आहे. तिथून वरचा तुकडा तिरका कापून लहान पिसांच्या जागी लावून टाका. आणि स्कूटरवर निघताना कानातली पर्समध्ये.